विश्लेषण : मुंबई ते जिनिव्हा किती तास? होमी भाभांचे प्रवास, शेवटचे विमान आणि तारापूर

मोबाइलवर दोन शहरांची नावे टाकली की क्षणात अंतर समोर येते. मुंबई ते जिनिव्हा हे अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. विमान कुठेही न थांबता गेले तर साडेआठ-नऊ तास. डॉ. होमी भाभा २३-२४ जानेवारी १९६६च्या रात्री याच प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांच्या विमानाचा मार्ग जवळपास ७,९५० किलोमीटरचा होता आणि जिनिव्हापर्यंत तीनदा उतरायचे होते. पहिले उतरणे दिल्लीला झाले, दुसरे बैरूतला. तिसरे झालेच नाही. त्या वेळी पालघरच्या किनाऱ्यावर, बोईसरपासून दहा-बारा किलोमीटरवर, त्यांनीच ठरवलेल्या तारापूर अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू होते.

भाभांचे चरित्र बहुतेकदा संशोधन, संस्था आणि अपघात या क्रमाने सांगितले जाते. पण ते कुठे शिकले, भारतात का राहिले, तारापूर कुठे उभे राहिले आणि त्यांचा मृत्यू कसा झाला, या चारही प्रश्नांच्या उत्तरात दोन ठिकाणांमधले अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ येतोच.

अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

मोबाइल दाखवतो ते हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन शहरांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, गोलावर दोरा ताणून पाहिला तर सरळ. पण विमान त्या रेषेवरून क्वचितच जाते. कोणत्या देशाचे आकाश मोकळे आहे, इंधन किती मावते, वाटेत कुठले प्रवासी घ्यायचे आहेत, यावर मार्ग ठरतो. १९६६मधली मुंबई-दिल्ली-बैरूत-जिनिव्हा ही वाट थेट रेषेपेक्षा साधारण साडेबाराशे किलोमीटर लांब होती. मुंबई-दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, दिल्ली-बैरूत जवळपास चार हजार, बैरूत-जिनिव्हा दोन हजार आठशेच्या आसपास. बोइंग ७०७च्या वेगाने हवेतलेच साडेनऊ-दहा तास होतात, थांबे वेगळे.

वाऱ्याचाही हिशेब असतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे युरोपला जाताना विमानाला जास्त वेळ लागतो आणि परतताना कमी. घड्याळाचा घोळ निराळाच. हिवाळ्यात जिनिव्हाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून रात्री निघालेला प्रवासी तिथे सकाळी उतरतो, तेव्हा इथे दुपार झालेली असते. शिवाय बोईसरच्या माणसाचा परदेश प्रवास विमानतळावर नव्हे, बोईसर स्थानकावर सुरू होतो. लोकलचे दोनेक तास, पुढे विमानतळ गाठणे आणि तीन तास आधी रांगेत उभे राहणे, हे कोणत्याही अॅपच्या साडेआठ तासांत धरलेले नसते.

पहिला प्रवास कसा झाला?

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९चा, मुंबईतल्या सुखवस्तू आणि सुशिक्षित पारशी घरातला. वडील जहांगीर वकील, आई मेहेरबाई. आत्याचे लग्न सर दोराबजी टाटांशी झालेले, त्यामुळे उद्योग आणि राजकारणातल्या मोठ्या माणसांची बोलणी लहानपणापासून कानावर पडत होती. घरात पुस्तकांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण झाल्यावर १९२७ साली ते केंब्रिजला निघाले.

त्या वेळी मुंबईहून इंग्लंडला जाणे म्हणजे बोट. एडन, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र असे करत दोन-तीन आठवडे लागत. नियमित विमानसेवा नव्हतीच. लंडन-कराची ही ब्रिटिश सेवा सुरू झाली १९२९ साली आणि जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. म्हणजे भाभा शिकायला गेले तेव्हा घरच्या पत्राचे उत्तर यायला सव्वा-दीड महिना लागायचा.

याच संथ टपालातून बाप-लेकाचा एक महत्त्वाचा वाद झाला. घरच्यांची इच्छा होती की मुलाने मेकॅनिकल इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे. मुलाचा जीव भौतिकशास्त्रात अडकलेला. वडिलांनी व्यवहारी तोड काढली : आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च मी करतो. भाभांनी १९३०मध्ये पहिली अट पूर्ण केली आणि १९३२मध्ये गणिताचीही परीक्षा पहिल्या वर्गात काढली. पुढे झुरिचला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर अशा त्या काळातल्या सर्वांत मोठ्या नावांकडे ते जाऊन राहिले. युरोपात ही शहरे रेल्वेने एक-दोन दिवसांच्या अंतरावर होती. मुंबईत बसून हे शक्यच नव्हते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे त्यांनी मांडलेले गणित आजही भाभा स्कॅटरिंग या नावाने शिकवले जाते. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांचे सिद्धान्तकार्य केले. अंतराळातून आलेला एक कण वातावरणात शिरल्यावर कणांचा अख्खा पाऊस कसा पडतो, हे त्यातून समजले.

१९३९ची सुट्टी का लांबली?

१९३९मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. परत जाऊन मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत काम करायचे ठरले होते. सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध पेटले, समुद्रमार्ग धोक्याचे झाले आणि परतीचा प्रवास राहिला तो राहिलाच.

ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. भौतिकशास्त्र विभागात तेव्हा सी. व्ही. रामन होते. युद्धामुळे बंगळूरुला अमेरिकी विमाने येत, त्यांचा भाभांनी भलताच वेगळा उपयोग करून घेतला : विश्वकिरण मोजणारी उपकरणे विमानातून उंच आकाशात पाठवली. उंची वाढली की हवेचे कवच विरळ होते आणि हे किरण जास्त मिळतात. आजही लांबच्या विमानप्रवासात प्रवाशाला जमिनीपेक्षा जास्त किरणोत्सर्ग मिळतो तो याच कारणाने. प्रमाण अल्प असते, नेहमीच्या प्रवाशाने घाबरण्याचे कारण नाही.

मोठा बदल त्यांच्या मनात झाला. संशोधनासाठी युरोपला जावे लागते ही स्थिती कायमची का असावी, हा प्रश्न त्यांना पडला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याचा प्रस्ताव मांडला. अणुऊर्जेचे युग येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत, असा त्याचा आशय होता. हिरोशिमाला अजून सव्वा वर्षाहून अधिक अवधी होता, हे लक्षात घेतले की त्या पत्राची दूरदृष्टी कळते. १९४५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आधी बंगळूरुला आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या बंगल्यात. युद्धाने वाट अडवली नसती तर भाभा कदाचित मँचेस्टरचेच होऊन राहिले असते.

जिनिव्हाशी त्यांचा संबंध काय?

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. कॉन्स्टेलेशन जातीच्या त्या विमानाचे नाव मलबार प्रिन्सेस. दोन-तीन आठवड्यांचा प्रवास एका दिवसावर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. देशाचा अणुकार्यक्रम आणि देशाची परदेशी विमानसेवा अशा एकाच वर्षी सुरू झाल्या.

पुढच्या सतरा-अठरा वर्षांत भाभांइतका परदेश प्रवास क्वचितच कुण्या भारतीय शास्त्रज्ञाने केला असेल. ऑगस्ट १९५५मध्ये अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद जिनिव्हाला भरली, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. अमेरिका आणि सोव्हिएत रशियाचे शास्त्रज्ञ एका सभागृहात बसून तोवर गुपित असलेली माहिती मांडत होते. लगेच पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. आशियात सोव्हिएत संघाबाहेर अशी भट्टी आधी कुठे नव्हती. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था उभी राहिल्यावर तिच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकांना ते जात.

१९६०मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाची, हिमालयाच्या शिखरांची नावे दिलेली. नंदादेवी, कांचनगंगा वगैरे. आता मुंबईत रात्रीचे जेवण आणि युरोपात सकाळचा नाश्ता जमू लागला.

प्रवास, समित्या, दिल्लीच्या चकरा एवढे सगळे सांभाळून त्यांची चित्रकला आणि संगीताची आवड टिकली. त्यांनी लग्न केले नाही. मलबार हिलवरच्या घरात आणि कुलाब्याच्या संस्थेत त्यांची छाप दिसे. झाडे तोडण्याऐवजी मुळांसकट हलवा, असा त्यांचा आग्रह असे. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी हुसेन आणि इतर भारतीय चित्रकारांची कामे लावली.

तारापूरच का निवडले?

इथेही अंतराचाच हिशेब होता. वीज लागत होती मुंबई आणि गुजरातच्या कारखान्यांना, दगडी कोळसा होता बिहार-बंगालमध्ये. झरियाचा कोळसा मुंबईकडे आणायचा तर रेल्वेने दीड हजार किलोमीटरहून अधिक वाहतूक. भाभांचे म्हणणे असे की खाणीशेजारी कोळशाची वीज स्वस्त असेल, पण खाण जितकी दूर तितकी अणुवीज परवडू लागते, कारण अणुइंधनाचे वजन नगण्य आणि वाहतुकीचा खर्चही तसाच. पश्चिम किनारा या गणितात नेमका बसत होता. तारापूर मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटर. भट्टी थंड ठेवायला समुद्राचे पाणी, पायाला खडक, जवळून जाणारी पश्चिम रेल्वे आणि मुंबई-गुजरात दोन्हीकडे तारा नेण्याची सोय.

वादाचा मुद्दा भट्टीचा प्रकार हा होता. भाभांची दीर्घ योजना देशातल्या साध्या युरेनियमपासून सुरू होऊन शेवटी थोरियमवर जाणारी होती. तारापूरसाठी मात्र जागतिक निविदेतून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या निवडल्या गेल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते भारतात तयार होत नव्हते. अणुवीज इथे चालते आणि परवडते हे लवकर दाखवून द्यायचे, असा त्यामागचा विचार. १९६३मध्ये अमेरिकेशी करार झाला, त्यात ३० वर्षे इंधन देण्याचे कलम होते. १९६४मध्ये कंत्राट दिले गेले आणि काम सुरू झाले. वेगाच्या दृष्टीने निर्णय बरोबर ठरला. पण वजनाने नगण्य असलेले इंधन राजकारणाने किती लांब जाऊ शकते, हा धोका त्या हिशेबात कमी धरला गेला. त्याचा अनुभव भाभांच्या पश्चात आला.

२४ जानेवारीला नेमके काय घडले?

जानेवारी १९६६ हा देशासाठी विलक्षण महिना होता. ११ तारखेला ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले. २४ तारखेला इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेणार होत्या. भाभा व्हिएन्नाच्या सल्लागार समितीच्या बैठकीला निघाले होते. वय ५६. विमान एअर इंडियाचे १०१, नाव कांचनगंगा. जिनिव्हाहून व्हिएन्ना पुढे आठशे किलोमीटर.

जिनिव्हाला पूर्व-दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाच्या वाटेत आल्प्स आडवे येतात आणि त्यांत माँ ब्लाँ हे ४,८०० मीटरहून उंच शिखर. आज मोबाइलला आपण कोणत्या गल्लीत आहोत हेही कळते, तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणारी व्यवस्था नव्हती. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांकडून दिशा घ्यायची आणि दोन दिशा जुळवून आपण कुठे आहोत ते ठरवायचे. यासाठी विमानात दोन ग्राहक यंत्रे असत. बैरूतहून निघाल्यापासून कांचनगंगातले एक बंद होते.

विमान १९ हजार फुटांवर, म्हणजे सुमारे ५,८०० मीटरवर होते. ही उंची शिखराच्या वर सुरक्षित होती. खाली सगळे स्पष्ट दिसत असेल आणि ढगांपासून हजार फूट वर राहता येत असेल तरच उतरा, नाहीतर हीच उंची ठेवा, अशी सूचना जिनिव्हाच्या नियंत्रकाने दिली. वैमानिकाची समजूत होती की माँ ब्लाँ मागे पडत आहे. नियंत्रकाला रडारवर दिसत होते की शिखर अजून पाच मैल पुढे आहे. त्याने तसे सांगितलेही, पण सांगण्याची भाषा मोघम होती आणि वैमानिकाने उलटा अर्थ घेतला. जेट विमानाला पाच मैल म्हणजे एका मिनिटाच्या आसपासचे अंतर. तिथल्या सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी, भारतातल्या दुपारी साडेबाराच्या सुमाराला, विमान शिखराच्या थोडे खाली बर्फाच्या उतारावर आदळले. विमानातले सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष १९६७मध्ये आला, तो जागेचा चुकलेला अंदाज आणि गैरसमज झालेला संदेश असाच आहे.

घातपाताची चर्चा कशावर आधारलेली?

समाजमाध्यमांवर दरवर्षी जानेवारीत ही चर्चा फिरते. चीनने ऑक्टोबर १९६४मध्ये अणुचाचणी केल्यानंतर भारताने बॉम्ब करावा का, हा वाद पेटला होता आणि भाभा त्याच्या केंद्रस्थानी होते. शास्त्रींपाठोपाठ तेरा दिवसांत भाभा गेल्याने संशय वाढणे स्वाभाविक होते. पुढे एका अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याच्या नावावर, त्याच्या मृत्यूनंतर, एक कथित संभाषण प्रसिद्ध झाले, त्यावर बरीचशी चर्चा उभी आहे. त्याला दुजोरा देणारे कागद किंवा अवशेषांतला पुरावा समोर आलेला नाही.

एक गोष्ट मात्र या चर्चेत सहसा येत नाही. एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारे मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाच्या वाटेवर याच माँ ब्लाँवर आदळले होते. त्यात ४८ जण गेले. पंधरा वर्षांत एकाच कंपनीची दोन विमाने, एकच शहर गाठताना, एकाच डोंगरावर. त्या वाटेची अवघड जागा कुठे होती हे यावरून पुरेसे कळते.

तारापूरचे पुढे काय झाले?

विक्रम साराभाईंनी अणुऊर्जा आयोगाची सूत्रे घेतली. तुर्भ्याच्या केंद्राला जानेवारी १९६७मध्ये भाभांचे नाव देण्यात आले. तारापूरच्या दोन्ही भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. दोनच दिवसांनी भाभांची साठी झाली असती.

१९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचा इंधनपुरवठा अडखळू लागला आणि पुढे थांबला. मग इंधन फ्रान्सकडून आले, १९९५मध्ये चीनकडून, २००१मध्ये रशियाकडून. सुरुवातीला प्रत्येकी दोनशे मेगावॉटच्या आसपास असलेल्या भट्ट्यांची क्षमता नंतर १६० मेगावॉटवर आणावी लागली. शेजारीच देशी बनावटीच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६मध्ये सुरू झाल्या, त्या साध्या युरेनियमवर चालतात, म्हणजे भाभांच्या मूळ योजनेतल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. समुद्राला लागून राहणाऱ्या मच्छीमार आणि शेतकरी कुटुंबांना किनाऱ्यापासून दूर नव्या वसाहतीत नेले आणि पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. विजेसाठी कोळशाचे अंतर वाचले, मच्छीमाराच्या घरापासून होडीचे अंतर वाढले. हा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात पहिल्या पानावर नसतो.

बर्फातून काय बाहेर आले?

कांचनगंगाचे अवशेष बॉसों या हिमनदीत गाडले गेले. हिमनदी सावकाश खाली सरकते आणि पोटातल्या वस्तू खालच्या टोकाला आणून सोडते. २०१२मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक थैली सापडली. विमानातून काही तासांत पोहोचायची ती थैली ४६ वर्षांनी खाली आली होती. २०२०च्या उन्हाळ्यात शामोनीजवळच्या एका उपाहारगृहाच्या चालकाला वितळलेल्या बर्फात जानेवारी १९६६ची भारतीय वर्तमानपत्रे मिळाली. वाळवल्यावर ती वाचता येत होती. त्यांत बातमी होती इंदिरा गांधींची पंतप्रधानपदासाठी निवड झाल्याची.